गुणलेखकाची वही

सभा पंचायतीच्या गोदामात भरली, खताच्या पोत्यांवर,
कारण खुर्च्या लग्नाला गेल्या होत्या.
विषय एकच : वसंता ढेंगेचा फोटो
ठेवायचा की काढायचा.

सत्तावीस वर्षं तो त्याच खिळ्यावर.
सामन्याला निघताना पोट्टे
आधी मारुतीला हात लावतात, मग त्याला.
काचेवर बोटांचा तेलकट डाग आहे, नेमका गुडघ्याजवळ,
जिथून तो वाकून चढाईला निघालाय.

"कायले काढता?" किसना गावंडे म्हणाला,
"पुलगावच्या फायनलले चार गडी मारून आलता थो, एका दमात.
तुमच्यातल्या कोनी मारला का एक तरी?"
कोणी बोललं नाही. मी वही उघडली.
शेवटचं दीड मिनिट. चढाई. चार गुण.
अक्षर माझं.
त्या रात्री मी रडलो होतो,
पेन्सिलीचं टोक मोडलं होतं,
तेही पानावर दिसतं.

पुढे तो जिल्ह्याच्या निवड समितीवर गेला
आणि त्यानं प्रणाली भोयरची जागा विकली.
चाळीस हजार.
कोर्टात तारखेसकट सिद्ध झालं.
प्रणाली डावा कोपरा खेळायची,
घोट्याला हरळीसारखी चिकटायची,
उपटली तरी मूळ सोडायची नाही.
आता जिनिंगच्या काट्यावर पावत्या फाडते.

"मानूस येगळा, खेळ येगळा," सरपंचांचे जावई म्हणाले.
"खेळच तं इकला न बे त्यानं," मागून कोणीतरी.
मग चहा आला.
चहानंतर ठरलं की फोटो काढायचा नाही,
उलटा लावायचा. तोंड भिंतीकडे.
सगळ्यांना बरं वाटलं.

तेव्हापासून आम्हाला पुठ्ठा दिसतो,
त्यावर आर्वीच्या फ्रेमवाल्याचा शिक्का,
एक मेलेली पाल.
पोट्टे अजून हात लावतात.
पुठ्ठ्यालाच.

सभेत मी एक गोष्ट बोललो नाही.
त्या निवडीची कच्ची यादी याच वहीत आहे, शेवटच्या पानावर.
तो म्हणाला, सातव्या नंबरचं नाव बदल.
मी खोडरबर घेतलं.
काऊन, एवढंही विचारलं नाही.
ज्याच्या गळ्यात आपण दरसाल हार घालतो
त्याला काऊन म्हणायला
जीभ उचलत नाही.

परवा वही घेऊन जिनिंगवर गेलो.
कापसाच्या गाड्यांची रांग फाट्यापर्यंत,
तिच्या केसांत, भुवयांत रुईचे तंतू.
पान उजेडाकडे तिरपं धरलं तिनं.
नव्या नावाखाली जुनं दिसत होतं,
प्र, आणि भोयरचा भ.
बराच वेळ बघत राहिली.
मला वाटलं, आता थुंकेल.
"त्याचे चार गुन खोडू नोका, काका.
थे त्यानं मारलेच होते."
मग म्हणाली,
"हेही पान फाडू नोका.
अन् फोटो पाह्यजे तं सरका करा,
फक्त पोरायले त्याच्या पाया पडाले लावू नोका."
मागच्या ट्रॅक्टरनं हॉर्न दिला.
तिनं पावती फाडली.

डिसेंबरात स्पर्धा. बांबूला हॅलोजन, चुन्याच्या रेषा ओल्या.
बाबाराव दरवर्षी माईकवर एकच वाक्य म्हणतात,
वसंता ढेंगेच्या गावात तुमचं...
यंदा म्हणाले, "वसं"
आणि थांबले.
कबड्डीत दम तुटला की गडी बाद.
बाबारावांना कोणी बाद दिलं नाही,
जनरेटर तेवढा घरघरत राहिला.

मी तारीख टाकली.
डाव्या कोपऱ्यावर एक पोरगी तळहाताला माती चोळत होती,
नवीन होती, दुसऱ्या गावची.
तिचं नाव मी दोनदा विचारलं, आडनावासकट,
आणि पेनानं लिहिलं.